उपवास, प्रायश्चित्त आणि राख : कॅथलिक व्रतकाळाच्या मराठी शब्दांविषयी

रोमन कॅथलिकांच्या धर्मवर्षात ईस्टरच्या सणापूर्वीचा चाळीस दिवसांचा काळ व्रतस्थपणे पाळला जातो. लॅटिनमध्ये त्यास 'क्वाद्राजेसिमा', म्हणजे 'चाळिसावा', असे नाव आहे. पोर्तुगीज 'क्वारेज्मा' हे त्याच शब्दाचे झिजलेले रूप, आणि गोव्याच्या कोकणीतील 'कोरेज्म' हे त्या पोर्तुगीज रूपाचे अपत्य होय. इंग्रजी 'लेंट' हा शब्द मात्र निराळ्या कुळातला आहे. वसंतात दिवस लांबत जातो, त्या लांबण्यावरून तो मूळचा वसंतवाचक शब्द बनला आणि पुढे त्या ऋतूतील व्रतास चिकटला. जर्मन भाषेने 'उपासाचा काळ' असा सरळ अर्थ सांगणारा समास केला. एकाच काळास कोणी मोजणीवरून, कोणी ऋतूवरून, तर कोणी आचारावरून नाव दिले. मराठीने आचाराचा मार्ग धरला. मराठी भाषिक कॅथलिकांत, विशेषतः वसईच्या परिसरात, या काळास 'उपवासकाळ' म्हणतात आणि 'प्रायश्चित्तकाळ' असेही म्हणतात. दोन्ही शब्द संस्कृतातून आलेले, दोन्ही प्राचीन, आणि दोन्ही मराठी मनात या धर्माच्या आगमनापूर्वीच घर करून बसलेले आहेत. परक्या धर्मकल्पनेस असे वहिवाटीचे शब्द लाभले की त्या कल्पनेचे काय होते, या प्रश्नाचा विचार येथे करावयाचा आहे.

प्रथम या काळाचे स्वरूप थोडक्यात सांगितले पाहिजे. राखेच्या बुधवारी तो सुरू होतो. तेथपासून ईस्टरच्या आदल्या शनिवारापर्यंत मोजल्यास दिवस सेहेचाळीस भरतात. परंतु रविवार हा पुनरुत्थानाचा दिवस, त्या दिवशी उपास नाही, म्हणून सहा रविवार वगळून चाळीस हा आकडा जमतो. येशूने अरण्यात काढलेल्या चाळीस दिवसांचे स्मरण त्यामागे आहे. प्राचीन काळी ईस्टरच्या रात्री बाप्तिस्मा घेणाऱ्या उमेदवारांची ही अखेरची तयारी असे, आणि ज्यांना घोर पापांमुळे मंडळीबाहेर ठेवले असेल त्यांच्या परतीचाही हाच काळ असे. प्रार्थना, उपवास आणि दानधर्म ही त्याची तीन अंगे होत.

येथेच एक पेच आहे, आणि तो भाषेच्या अभ्यासकाच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. राखेच्या बुधवारी योएल संदेष्ट्याच्या ग्रंथातील जो भाग वाचला जातो, त्यात लोकांना वस्त्रे न फाडता अंतःकरण फाडण्यास सांगितले आहे. त्याच दिवशीच्या मत्तयाच्या शुभवर्तमानातील पाठात दान, प्रार्थना व उपवास ही तिन्ही लोकांना दिसतील अशा रीतीने करू नयेत, अशी ताकीद येते. म्हणजे कपाळावर उघड राख लावून घेण्याच्या दिवशीच दिखाऊ आचाराचा निषेध ऐकावयाचा! व्रतकाळ बाह्य आचारांनी घडलेला आहे, आणि त्याचे पाठ बाह्य आचारास सतत संशयाने पाहतात. अशा स्थितीत त्या आचारास दिलेला शब्द भाविकाला आत वळवतो की बाहेरच थांबवतो, ही केवळ कोशकाराची चिंता राहत नाही.

'प्रायश्चित्त' हा शब्द घेऊ. धर्मशास्त्रात तो एक संपूर्ण प्रकरण आहे. याज्ञवल्क्यस्मृतीचा तिसरा अध्याय प्रायश्चित्ताध्याय या नावानेच ओळखला जातो, आणि महामहोपाध्याय पां. वा. काणे यांनी आपल्या धर्मशास्त्राच्या इतिहासाच्या चौथ्या खंडात (१९५३) या विषयाचा सविस्तर परामर्श घेतला आहे. या परंपरेत पाप ठरलेले, आणि त्यावरचा उपायही मोजून दिलेला: अमुक पातकास कृच्छ्र, तमुक पातकास चांद्रायण. पश्चात्तापाचे महत्त्व स्मृतिकारांना माहीत नव्हते असे नाही; तथापि व्यवहारात शब्दाचा भार विधीवर पडला. मराठी माणसाच्या कानात तर त्यास आणखी एक सामाजिक अर्थ आहे, तो जातीत परत घेण्याचा. १८९० साली पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये चहा घेतल्याबद्दल न्यायमूर्ती रानडे, लोकमान्य टिळक प्रभृतींवर ग्रामण्याचा प्रसंग गुदरला, आणि प्रायश्चित्त घ्यावे की न घ्यावे हा वाद पुणे शहरात वर्ष-दोन वर्षे गाजला. रमाबाई रानडे यांच्या आठवणींत त्याची हकीगत आहे. त्या साऱ्या प्रकरणात चहा पिणाऱ्याच्या मनास काय वाटले, हा प्रश्न कोणी विचारला नाही, आणि विचारण्याचे कारणही नव्हते. प्रायश्चित्त घेतले की प्रकरण मिटत असे. ख्रिस्ती मिशनच्या दारात घेतलेल्या पेल्यामुळे ज्या शब्दाची एवढी चर्चा झाली, तोच शब्द ख्रिस्ती व्रतकाळाचे नाव म्हणून वापरला जावा, हा शब्दांच्या नशिबाचा खेळच म्हणावयाचा.

कॅथलिक सिद्धान्ताप्रमाणे पाहिले तर अडचण अधिक नेमकी दिसते. ट्रेंटच्या धर्मपरिषदेने १५५१ मध्ये पापक्षमेच्या संस्कारातील पश्चात्तप्त व्यक्तीची तीन कृत्ये सांगितली: अनुताप, पापनिवेदन आणि भरपाई. 'प्रायश्चित्त' हा शब्द काटेकोरपणे यांपैकी केवळ तिसऱ्या कृत्यास लागू पडतो. अवयवाचे नाव अवयवीस द्यावे तसे येथे झाले आहे. शिवाय आजच्या संस्कारात धर्मगुरू क्षमेचे शब्द आधी उच्चारतो व नेमून दिलेली भरपाई नंतर केली जाते. स्मृतींत मात्र विधी पुरा झाल्यावर पाप नष्ट होते. पहिल्या पद्धतीत क्षमा ही देणगी ठरते, दुसरीत ती फेडलेल्या ऋणाची पावती ठरते. शब्द एकच असल्यामुळे ही दरी सामान्य श्रोत्यास जाणवत नाही, आणि तो उपासाचे दिवस नकळत हप्ते मोजल्यासारखे मोजू लागतो.

तथापि हा दोष एकट्या मराठीच्या माथी मारणे न्यायाचे होणार नाही. ग्रीक शुभवर्तमानांतील मूळ शब्द 'मेतानोइया', म्हणजे मन पालटणे. त्यामागे हिब्रू 'शूव' हा धातू उभा आहे; त्याचा अर्थ वळणे, परतणे. लॅटिनमध्ये याचे 'पेनितेन्तिया' झाले, आणि मध्ययुगात त्या शब्दाचे नाते दंडवाचक 'पेना' या शब्दाशी जोडले गेले. व्युत्पत्तीने ते बरोबर नव्हे. परंतु लोकव्युत्पत्ती ही व्युत्पत्तीपेक्षा बलवत्तर असते. सहाव्या शतकापासून आयर्लंड व पश्चिम युरोपात जे प्रायश्चित्तग्रंथ प्रचारात आले, त्यांत प्रत्येक पापास इतके दिवस भाकर-पाणी असे कोष्टकच दिलेले असे. ते वाचताना स्मृतींची आठवण न झाली तरच नवल! पंधराव्या शतकात लोरेन्झो वाल्ला याने आणि त्याच्या मागून इरॅस्मसने या लॅटिन भाषांतरावर आक्षेप घेतला. इरॅस्मसने नव्या कराराच्या आपल्या टिपणांत 'रेसिपिसेरे' हा पर्याय पुढे केला. त्याचा शब्दशः अर्थ शुद्धीवर येणे. लूथरच्या १५१७ च्या सुप्रसिद्ध प्रबंधांपैकी पहिलाच प्रबंध याच शब्दाच्या अर्थाविषयी आहे, हे इतिहासाच्या विद्यार्थ्यांस ठाऊक असेलच. एका शब्दाच्या भाषांतरावरून पश्चिमेची धर्मसंस्था दुभंगली असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल; परंतु त्या दुभंगण्याच्या उंबरठ्यावर हा शब्द उभा होता, हे खरे.

मराठीस येथे एक सोय आहे, आणि तिचा पुरेसा उपयोग झालेला नाही, असे मला वाटते. आपण 'शुद्ध हरपली' म्हणतो तेव्हा भान गेले असा अर्थ असतो, आणि 'शुद्ध' म्हणजे निर्मळ हेही त्याच शब्दाने सांगतो. भान आणि पावित्र्य या दोन कल्पना मराठीने एका शब्दात नांदवल्या आहेत. लूकच्या शुभवर्तमानातील उधळ्या पुत्राची कथा या व्रतकाळात वाचली जाते. डुकरांच्या कळपात उपाशी बसलेला तो मुलगा भानावर येतो, उठतो आणि घराची वाट धरतो. 'शुद्धीवर येणे' या वाक्प्रचारात त्याच्या मनाचे पालटणे आणि धुतले जाणे एकदमच येते. 'पश्चात्ताप' या प्रचलित शब्दात हे येत नाही. पश्चात् आणि ताप, म्हणजे मागाहूनची होरपळ. त्या शब्दाचे तोंड मागे आहे, तर त्या मुलाचे तोंड घराकडे होते.

'उपवास' या शब्दाची कथा याच्या उलट आहे. व्यवहारात तो पुरता बाह्य झालेला शब्द आहे. मराठी घरात उपास म्हटला की साबुदाण्याची खिचडी, वऱ्याचे तांदूळ, रताळी, शेंगदाणे असा निराळा स्वयंपाकच डोळ्यांपुढे येतो. 'एकादशी आणि दुप्पट खाशी' ही म्हण आपल्याच लोकांनी आपल्यावर केलेली टीका आहे. हिंदू उपासात काय चालते यावर कटाक्ष असतो, तर कॅथलिक उपासात मुख्यतः किती वेळा व किती खावयाचे यावर. दिवसातून एकच पुरे जेवण, सकाळ-संध्याकाळ थोडासा आहार, हा त्याचा साचा. मांसवर्जन हा त्याहून वेगळा नियम आहे. १९१७ च्या धर्मविधिसंहितेप्रमाणे रविवार वगळता या काळातील सर्व दिवस उपासाचे होते. सहावे पोप पॉल यांनी १९६६ मध्ये हे बंधन राखेचा बुधवार व ईस्टरपूर्वीचा शुक्रवार एवढ्यापुरते आणले. १९८३ च्या संहितेप्रमाणे उपासाचा नियम वयाची अठरा वर्षे पूर्ण झाल्यापासून साठावे वर्ष लागेपर्यंत आणि मांसवर्जनाचा चौदा वर्षे पूर्ण झाल्यापासून पुढे आहे.

पळवाटा सर्वत्र सारख्याच. मठांतून उपासाच्या दिवशी सायंकाळी कॅसियन या संताचा 'कोलात्सिओनेस', म्हणजे 'संवाद', हा ग्रंथ वाचला जाई आणि त्या वेळी थोडे पेय व फराळ देण्याची सवलत मिळाली. होता होता त्या फराळासच 'कोलात्सिओ' हे नाव पडले, आणि आज इटालियन माणूस रोज सकाळी जो नाश्ता करतो त्यास 'कोलात्सिओने' म्हणतो. ग्रंथाचे नाव न्याहारीस मिळाले! मांसवर्जनाच्या नियमातही असेच. लॅटिन 'कारो' या शब्दात मासळीचा समावेश होत नाही, म्हणून मांस वर्ज्य, मासे चालतात. आपल्याकडे 'वशाट' म्हटले की त्यात दोन्ही आली. समुद्रकाठच्या कोळी कुटुंबात मासळी हे तर रोजचे अन्न. तेथे मांस सोडून मासळी खाणे याने काय सुटले, असा प्रश्न पडणारच. नियम पाळला जातो, व्रत मात्र राहून जाते. नियमाची भाषा एका भूगोलात घडली आणि आचार दुसऱ्या भूगोलात आला, म्हणजे असे होते.

परंतु 'उपवास' या शब्दाच्या पोटात शिरले तर निराळेच काही हाती लागते. शतपथब्राह्मणाच्या आरंभी यज्ञाच्या आदल्या दिवसाच्या 'उपवसथ' या नावाची उपपत्ती दिली आहे. यजमान व्रत घेतो तेव्हा उद्या हा आपल्यासाठी यज्ञ करणार हे देवांना कळते, आणि ते त्याच्या घरी येऊन त्याच्याजवळ वस्ती करतात. म्हणून 'उप' आणि 'वस्'. पाहुण्यांनी खाण्यापूर्वी यजमानाने खाणे योग्य नव्हे, देवांच्या बाबतीत तर मुळीच नव्हे, हे न खाण्याचे कारण. म्हणजे मुळात उपवास हे देहदंडन नव्हते, ते आतिथ्य होते. पाली 'उपोसथ' हा याच शब्दाचा वंशज. कॅथलिकांत कम्युनियनपूर्वी काही न खाण्याची जी रीत आहे, तिची उपपत्ती लावताना यापेक्षा योग्य शब्द शोधून सापडणार नाही. पूर्वी तो उपास मध्यरात्रीपासून असे. १९५७ मध्ये तो तीन तासांवर व १९६४ मध्ये एका तासावर आला. व्रतकाळ हीदेखील एक लांबलेली पूर्वसंध्याच आहे. तेव्हा 'प्रायश्चित्तकाळ' आणि 'उपवासकाळ' या दोहोंत निवड करावयाची झाल्यास मी दुसऱ्याच्या बाजूने मत देईन. रूढ अर्थाने तो उणा असला तरी मूळ अर्थाने तो व्रताच्या अधिक जवळ आहे. अर्थात शतपथब्राह्मण वाचून कोणी उपास करीत नाही, आणि शब्दाची व्युत्पत्ती म्हणजे त्याचा अर्थ नव्हे, हे आमच्या शास्त्राचे पहिले सूत्र आहेच. तथापि प्रवचनकाराने मूळ अर्थ जागा करावयाचे ठरवल्यास तो तेथे आहे, एवढेच माझे म्हणणे.

वहिवाटीचे धर्मशब्द घ्यावे की टाळावे, हा वाद महाराष्ट्र-गोव्यातील ख्रिस्ती वाङ्मयाच्या आरंभापासूनचा आहे. १५७९ मध्ये गोव्यास आलेला इंग्रज जेझुइट टॉमस स्टीफन्स याने १६१६ साली राशोल येथे छापलेल्या आपल्या ग्रंथास पुराणाचे रूप दिले, ओवी स्वीकारली आणि स्वर्गास 'वैकुंठ' म्हणण्यास तो कचरला नाही. मात्र संस्कारांची नावे त्याने पोर्तुगीजच ठेवली. देणे-घेणे कोठे थांबवावे याचा त्याला अंदाज होता. दुसऱ्या टोकास पंडिता रमाबाई. संस्कृतावर प्रभुत्व असलेल्या या विदुषीने आपल्या बायबलच्या मराठी भाषांतरात, जे तिच्या मृत्यूनंतर १९२४ मध्ये प्रसिद्ध झाले, हिंदू धर्मकल्पनांचा वास येणारे संस्कृत शब्द कटाक्षाने टाळले आणि साध्या बायकांस कळेल अशी मराठी वापरली. रमाबाई प्रॉटेस्टंट होत्या, तेव्हा त्यांचा प्रभाव कॅथलिक उपासनेवर पडण्याचा प्रश्न नव्हता. कॅथलिकांची मिस्सा त्या काळी लॅटिनमध्येच होत असे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने डिसेंबर १९६३ मध्ये उपासनाविधीविषयीचा जाहीरनामा काढून लोकभाषांस वाव दिला, तेव्हा कुठे या शब्दांचा प्रश्न वेदीपर्यंत पोहोचला.

ग्रंथकार असे वाद घालीत असताना लोकांनी आपले शब्द आपल्या अंगणातून उचलले, आणि माझ्या मते ते अधिक टिकाऊ ठरले. 'राखेचा बुधवार' हे नाव पाहा. 'भस्म' हा शब्दही योजला जातो, पण भस्म म्हटले की शैव आठवतो, विभूती व अंगारा म्हटले की प्रसाद आठवतो. 'राख' ही चुलीतली, भांडी घासण्याची. तिला कोणताही मान नाही. राख लावताना धर्मगुरू माणसास तो मातीचा आहे व मातीस मिळणार आहे याचे स्मरण देतो. १९७० च्या मिस्साग्रंथापासून हृदयपरिवर्तनाचे आवाहन करणारे दुसरे वाक्यही म्हणता येते. पहिल्या वाक्यासाठी 'धूळ' हा शब्द योजता येईल; परंतु ज्या भाषेत अंत्यविधीस जाणे म्हणजे 'मातीला जाणे' आणि दफन करणे म्हणजे 'माती देणे', तेथे 'माती' हा शब्द उच्चारताच काम करतो. ऋतूही साथ देतो. हा काळ फाल्गुनाच्या आगेमागे येतो. २०२४ मध्ये तर होळी आणि झावळ्यांचा रविवार हे दोन्ही २४ मार्च या एकाच दिवशी आले होते. आपल्या शिमग्याचा शेवट राखेने होतो. गोव्यातही कार्निव्हलचा, म्हणजे कोकणी 'इंत्रुजा'चा, शेवट राखेनेच होतो. हा शब्द पोर्तुगीज 'एन्त्रुदो'वरून आला आणि त्याच्या मुळाशी 'प्रवेश' अर्थाचा लॅटिन शब्द आहे. एका सणाची राख मौजेच्या अखेरीस उरते, दुसऱ्याची तेथून आरंभ करते.

ही राख येते कोठून? मागील वर्षीच्या ईस्टरपूर्व रविवारी आशीर्वादित केलेल्या पानांची. यरुशलेममध्ये त्या खजुरीच्या फांद्या होत्या. पश्चिम किनाऱ्यावर तेथे माड आला, आणि त्या रविवारास मराठीत 'झावळ्यांचा रविवार' हे नाव मिळाले. झावळी ही किनाऱ्यावरच्या घराची शाकार, मांडवाचे छप्पर, परसातला आडोसा. विजययात्रेचे चिन्ह होऊन ती घरी येते, सुकते, आणि वर्षाने राख होऊन कपाळावर बसते. चौदा स्थानांच्या भक्तीस 'क्रुसाची वाट' म्हणतात, त्यातही 'मार्ग' न येता 'वाट' आली. वाट चालावयाचीही असते आणि पाहावयाचीही असते.

उलट इंग्रजीवरून केलेले भाषांतर कसे घसरते याचा नमुना ईस्टरपूर्व शुक्रवारच्या नावात आहे. इंग्रजी नावातील 'गुड' हा जुन्या इंग्रजीत 'पवित्र' या अर्थीही चालत असे. पोर्तुगीज भाषेत त्या दिवसाचे नाव सरळ 'पवित्र शुक्रवार' असेच आहे. मराठीत 'उत्तम शुक्रवार' आणि 'शुभ शुक्रवार' अशी दोन नावे रुजली. मृत्यूच्या दिवसास 'शुभ' म्हणताना मराठी जीभ अडखळते, कारण शुभकार्य म्हणजे लग्न-मुंज. ईश्वरशास्त्री म्हणतील की या विरोधाभासातच अर्थ आहे. असेलही, पण तो अर्थ भाषांतरकाराच्या मनात होता असे दिसत नाही.

दानाविषयी एवढेच सांगतो की मत्तयाच्या पाठातील ग्रीक शब्द 'दया' या अर्थाच्या शब्दापासून बनला आहे; 'दान' शब्दात ती दया नाही, त्यात देण्याची क्रिया आणि पुण्याचा संचय आहे. परंतु डाव्या हातास उजव्याचे कळू न देण्याच्या त्या उपदेशास मराठीत 'गुप्तदान' हा शब्द तयारच होता.

राहिला एक शब्द, ज्याचे भाषांतर कोणी केलेच नाही. 'आलेलुया' हा हिब्रू स्तुतिघोष ग्रीकने, लॅटिनने, पोर्तुगीजने आणि मराठीने जसाच्या तसा ठेवला. लॅटिन विधीत राखेच्या बुधवारापासून हा शब्द उच्चारला जात नाही. शुभवर्तमानापूर्वी त्याच्या जागी दुसरी स्तुतिवचने म्हणतात. मध्ययुगीन युरोपात काही ठिकाणी त्याचे रीतसर दफन करीत. खाणे सोडावे तसा हा शब्दच सोडावयाचा. ईस्टरच्या जागरणाच्या रात्री तो पुन्हा येतो, आणि तीनदा गायला जातो, प्रत्येक वेळी आधीपेक्षा वरच्या स्वरात.